कुमुदताईंचा मोडेम

या अंकाचे संपादक गेली तीन वर्षं माझ्याकडे केबलवाल्याच्या गमती मागतात आणि मी त्या देत आलो. गिरगावातल्या एका काकांनी आमच्या वायरीवर रोज लेंगे वाळत घातले, ती दिली. दादरच्या एका आजोबांनी मोडेमला गार लागू नये म्हणून लोकरीची टोपी घातली आणि तो तापून बंद पडला, ती दिली. लोक हसले, मला फोन आले. पण दर वर्षी लिहायला बसलो की एक गोष्ट मी हातात घ्यायचो, तिच्याकडे बघायचो आणि पुन्हा होती तिथे ठेवून द्यायचो.

तिच्यात हसण्यासारखं काही नाही असं नाही. भरपूर आहे. फक्त तिच्यातलं गाढव मी आहे, आणि खरं सांगायचं तर गाढवसुद्धा इतकं ठरवून वागत नाही.

यंदा बायकोने दम दिला. "अहो, त्या कुमुदताईंचं लिहा. नाहीतर मी लिहीन. आणि मी लिहिलं तर तुमचं नाव मथळ्यात येईल."

म्हणून लिहितो.

आधी धंदा समजून घ्या, दोन मिनिटं लागतील. लालबाग-परळच्या चाळींत आम्ही टीव्हीसाठी काळ्या वायरी टाकल्या. पुढे त्याच वायरीतून इंटरनेट आलं. वायर एकच, पण तिच्यात वाटा दोन. तुमच्याकडे येणारी वाट रुंद, तुमच्याकडून जाणारी अरुंद. तुम्ही सिनेमा बघता तेव्हा तो येत असतो. तुमचा चेहरा परगावच्या नातवाला दिसतो तेव्हा तो जात असतो. हे जाणं म्हणजे अपलोड. चाळीत कसं, नळ प्रत्येकाचा वेगळा, पण सगळ्यांच्या मोरीचं पाणी जातं एकाच पाइपातून. अपलोडचं तसंच असतं. एका ठिकाणी कचरा शिरला की सगळ्या मजल्याचं तुंबतं. गिऱ्हाइकांना मी हे असंच समजावायचो. एक वकीलबाई भडकल्या होत्या. "म्हणजे माझा युक्तिवाद मोरीतून जातो?"

म्हटलं, "जातो मॅडम. तुंबू नये म्हणून तर मी येतो."

मोडेम म्हणजे या वायरीवरून बोलणारा डबा. त्याला आमच्या कंट्रोल रूमपर्यंत ओरडून बोलावं लागतं. ऐकू गेलं नाही की तिकडून हुकूम येतो, मोठ्याने बोल. तो आणखी ओरडतो. किती जोराने ओरडतोय, तो आकडा कॉम्प्युटरवर त्याचं पान उघडलं की दिसतो. चाळीस-बेचाळीस म्हणजे तब्येत ठणठणीत. पन्नासच्या वर गेला की समजायचं, घसा बसत आला. मग समोरची माणसं तुम्हाला छान दिसतात, ऐकू येतात. तुम्ही मात्र त्यांच्याकडे पोचत नाही.

मोडेम दोन प्रकारचे. एक कंपनीने दिलेला, दुसरा गिऱ्हाइकाने स्वतः विकत आणलेला. कंपनीचा बिघडला तर आम्ही बदलून द्यायचा. गिऱ्हाइकाचा असला की आमचं काम फार सोपं व्हायचं. दारात चपला काढायच्या आधीच विचारायचं, "मोडेम कोणाचा?"

"आमचा."

"मग तोच गेलाय."

पाच मिनिटांत पुढच्या घरी. कधीकधी ते खरंही निघायचं.

फोनवरच्या तक्रारी तर विचारू नका. परळच्या एका वहिनींना मोडेमचे दिवे डोळ्यांवर यायचे, म्हणून त्यांनी प्रत्येक दिव्यावर टिकली लावली होती. मी फोनवर विचारतोय, "वहिनी, कुठला दिवा बंद आहे?" आणि वहिनी म्हणतायत, "चंद्रकोरीच्या शेजारचा."

तर कुमुदताई.

कुमुदताई राणे आमच्या समोरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. सगळी नोकरी सरकारी दप्तरखान्यात गेली. जुने मोडीतले कागद वाचून द्यायचं त्यांचं काम. निवृत्तीनंतर घरी मोडी शिकवायच्या आणि टाळेबंदीत ती शिकवणी लॅपटॉपवर आली. अकरा विद्यार्थी होते. कोणी नागपूरचा, कोणी साताऱ्याचा. एक मस्कतची नर्स होती, तिच्याकडे आजोबांच्या कागदांनी भरलेली पेटी होती आणि घरात ते वाचणारं कोणी उरलं नव्हतं. कुमुदताई बोरू घेऊन कागदावर अक्षर काढायच्या, वर टेबललॅम्पला बांधलेला कॅमेरा, आणि अकरा घरांत ते अक्षर उमटायचं.

मोडेम त्यांचा स्वतःचा. लॅमिंग्टन रोडची तीन दुकानं फिरून आणलेला. सोबतचं माहितीपुस्तक त्यांनी पेन्सिलीने खुणा करत वाचलं होतं. माझ्या अख्ख्या नोकरीत ते पुस्तक वाचलेलं दुसरं माणूस मला भेटलं नाही, त्यात मीही आलो.

त्या वर्षी गणपतीला मंडपात गर्दी करायला बंदी होती. आमच्या मंडळाने ठरवलं, ऑनलाइन दर्शन. अध्यक्ष दिन्या, माझा शाळेपासूनचा मित्र. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी धावत आला.

"नाऱ्या, मंडपात लाइन दे. बाप्पा घराघरांत पोचूक होयो."

"ऑफिसात अर्ज कर."

"अरे मेल्या, बाप्पा उद्या येतोय! तो काय अर्ज मंजूर होईपर्यंत नाक्यावर उभा राहणार?"

मंडळाला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि मी तर पोरवयापासून त्याच मंडळाची वर्गणी गोळा करत जिने झिजवलेले. मंडपाला सगळ्यात जवळचा आमचा वायरी जोडायचा डबा होता कुमुदताईंच्या जिन्यात. मी त्यांची वायर तोडली, मध्ये तीन तोंडांचा स्प्लिटर घातला आणि मंडळाला लाइन दिली. स्प्लिटर म्हणजे एका वायरीच्या तीन करणारी लोखंडी डबी. तिची तिन्ही तोंडं सारखी नसतात. एक जोरदार, दोन कमजोर. जोरदार तोंड मी बाप्पाला दिलं. एक कमजोर कुमुदताईंना. तिसरं मोकळं राहिलं. मोकळ्या तोंडावर छोटी टोपी बसवायची असते, नाहीतर आजूबाजूच्या मिक्सर-मोटारींचा सगळा कचरा तिथून वायरीत शिरतो. टोपी खिशात नव्हती. म्हटलं, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे.

दर्शन झकास झालं. आरतीत दिन्याचा बेसूर आवाज दुबईपर्यंत गेला आणि तिकडून कळवण्यात आलं की आवाज बंद केला तरी चालेल, फक्त मूर्ती दाखवा. विसर्जनानंतर मंडळाच्या पोरांनी मंडपाबरोबर आपली वायर उपटून नेली. म्हणजे आता दोन तोंडं उघडी. आणि मी ती डबी साफ विसरलो.

पंधरा दिवसांनी कुमुदताईंचा फोन आला. "पेडणेकर, मला मुलं दिसतात. मुलांना मी दिसत नाही."

गेलो. मोडेमचं पान उघडलं. आकडा बावन्न. बिचारा जिवाच्या आकांताने ओरडत होता. अशा वेळी माणसाने वायर धरून उलट चालत जायचं असतं, घरातून गॅलरी, गॅलरीतून जिना. मी खुर्चीवरून हललो नाही. विचारलं, "मोडेम कोणाचा?"

"माझा. आणि तो चांगला आहे, मी पुस्तकातली सगळी तपासणी केली आहे."

पुस्तक वाचलेलं गिऱ्हाईक मला आवडायचं नाही. खोडी काढायची लहर आली. गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "मिक्सर लांब ठेवा. मोडेम आडवा करा. तोंड पूर्वेला."

"पूर्वेला कशाला?"

"कंट्रोल रूम माझगावला आहे. त्याला तिकडे तोंड करून बोलू दे."

कंट्रोल रूम खरोखरच माझगावला होती. पण वायरीतून जाणाऱ्याला पूर्व काय नि पश्चिम काय! कुमुदताईंनी हे वहीत लिहून घेतलं. मी जिना उतरताना हसत होतो. त्याच जिन्यात, डोक्यावर दीड हातावर, माझी डबी होती.

आठवड्याने पुन्हा बोलावणं आलं. मोडेम आडवा, पूर्वाभिमुख, खाली स्वच्छ रुमाल. मिक्सर बिऱ्हाड बदलल्यासारखा मोरीपाशी. आणि कुमुदताईंच्या हातात रजिस्टर. सकाळ, दुपार, संध्याकाळ, अपलोडचा वेग, शेरा. महिनाभराच्या नोंदी, सुवाच्य अक्षरात.

"हे बघा," त्यांनी बोट ठेवलं. "चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी ठीक होतं. दुपारी पडलं. त्या दुपारी इथे काही झालं होतं का?"

दप्तरखान्यातलं माणूस. कागद समोर ठेवायचा आणि गप्प बसायचं. मला तेव्हाही आठवलं नाही, शपथेवर सांगतो. "हवा दमट असते त्या दिवसांत," म्हटलं.

"पेडणेकर, मोडीत लिहिताना हात उचलायचा नसतो," त्या म्हणाल्या. "ओळभर अक्षर एकातून एक निघत जातं. माझं चित्र अडकतं आणि मग एकदम पुढे उडी मारतं. मुलांना अक्षराची सुरुवात दिसते, शेवट दिसतो. मधली वाटच दिसत नाही. आणि मोडी म्हणजे ती वाटच असते हो."

"अकरा आहेत ना अजून?"

"आठ."

तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी मला सोडलं नाही. "वायर बघा," म्हणाल्या, "मी टॉर्च धरते." सत्तावन्न वर्षांचा मी स्टुलावर आणि माझ्याहून मोठ्या कुमुदताई खाली टॉर्च घेऊन. मी जिन्यातला डबा उघडला.

प्रत्येक केबलवाल्याची चिकटपट्टी गुंडाळायची तऱ्हा वेगळी असते. मी शेवटचं टोक दुमडून छोटं शेपूट सोडतो, म्हणजे पुढच्या वेळी नख न लावता उघडता येतं. डब्यात स्प्लिटर होता, दोन तोंडं उघडी होती आणि तिसऱ्याला चिकटपट्टी होती. तिला शेपूट होतं.

"सापडलं का काही?" खालून आवाज आला.

आता बघा, किती सोपं होतं. 'सापडलं, ताई, मीच घातलं होतं, विसरलो, माफ करा.' एवढंच म्हणायचं होतं. पण महिनाभर मी त्यांना मोडेमचा दोष सांगत होतो. पूर्वेला तोंड करायला लावलं होतं. नव्या मोडेमची ऑर्डर त्यांनी आदल्याच दिवशी माझ्या सांगण्यावरून दिली होती. आणि ऑफिसला न विचारता लाइन दिली, हे उघड झालं असतं तर निवृत्तीच्या तोंडावर माझी नोकरी गेली असती. हे सगळे विचार मला स्टुलावर एका क्षणात सुचले. कामाच्या बाबतीत माझं डोकं एवढं भरभर कधी चाललं नाही.

"नाही, ताई. वायर ठणठणीत आहे. मोडेमच."

त्यांनी टॉर्च विझवला. "बरं," म्हणाल्या. "तुम्ही एवढं चढून बघितलंत." आणि मला कोकम सरबत दिलं.

यापुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन डबी काढता आली असती. पण मग जुन्याच मोडेमवर सगळं सुरळीत झालं असतं आणि रजिस्टरात नोंद झाली असती की मोडेम चांगला होता, पेडणेकर खोटा होता. म्हणून नवा मोडेम येईपर्यंत मी ती डबी मुद्दाम राहू दिली. बिघाड जपला. टाळेबंदीमुळे पार्सल यायला एकोणीस दिवस लागले.

त्या एकोणीस दिवसांत कुमुदताई मला फोन करायच्या. तक्रार नाही, नुसती नोंद. "आज सहा." "आज चार, त्यातले दोघे मध्येच उठले." शेवटी ती मस्कतची नर्स राहिली होती. ती म्हणाली, "बाई, मला तुमचा हात दिसत नाही हो. दिसायला लागला की सांगा." दुसऱ्या दिवशी कुमुदताईंचा फोन आला. "आज कोणी नव्हतं. तासभर एकटीच बसले होते. पडद्यावर मीच मला दिसत होते, अगदी स्वच्छ."

नवा मोडेम आला. मी आधी जिन्यात गेलो, डबी काढून खिशात टाकली, वायर थेट जोडली, मग घरात जाऊन नवा मोडेम बसवला. आकडा एक्केचाळीस. जादूगाराने टोपीतून ससा काढावा तसा मी हात झटकून उभा राहिलो.

"तुमचं बरोबर होतं, पेडणेकर," कुमुदताई म्हणाल्या. "मी उगाच पुस्तकावर विश्वास ठेवला."

आयुष्यात एवढी जोरात थोबाडीत कोणी मारली नव्हती, आणि मारणारीला पत्ताही नव्हता. त्यांनी एका कागदावर बोरूने, हात न उचलता, माझं नाव मोडीत लिहून दिलं. आठवण म्हणून. मला ते वाचता येत नाही. ते माझं नाव आहे हे मी त्यांच्या शब्दावर मानलंय. त्यांचा शब्द मानायला मला कधी अडचण नव्हती, घोळ त्यांनी माझा शब्द मानला तिथे झाला.

जुना मोडेम त्यांनी माझ्या हातात दिला. "भंगारात द्या." मी तो घरी आणला आणि लावला. आजही चालतो. घोड्यासारखा धावतो.

त्यांनी सगळ्या विद्यार्थ्यांना पुन्हा फोन केले. काहींनी दुसरीकडे शिकवणी लावली होती, काहींचा उत्साह संपला होता. नर्सने आजोबांची पेटी न वाचताच भावाकडे पाठवून दिली होती, आणि भावाने ती कुठे ठेवली ते भावालाही आठवत नव्हतं. शिकवणी पुन्हा उभी राहिली नाही.

माफी मागायचे प्रयत्न मी केले. एकदा उकडीचे मोदक घेऊन गेलो. तोंड उघडणार एवढ्यात त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात, बेल वाजत नाहीये." बेल दुरुस्त केली आणि मोदक ठेवून आलो. एकदा पत्र लिहायला बसलो. पानभर फक्त दिन्याला शिव्या झाल्या. फाडलं. मग त्यांनी बिऱ्हाड हलवलं, सावंतवाडीला मुलीकडे. टेम्पोत सामान चढवायला गेलो होतो. बोरूंचा डबा मी स्वतः नेऊन पुढच्या सीटवर ठेवला. "ताई, एक सांगायचं होतं," म्हणालो. ड्रायव्हरने गाडी चालू केली. "फोनवर सांगा!" त्या ओरडल्या.

गेल्या दसऱ्याला बायकोने लॅपटॉप समोर आणून ठेवला आणि व्हिडिओ कॉल लावूनच दिला. "मी स्वयंपाकघरात जाते," म्हणाली. "मी यायच्या आत सांगून मोकळे व्हा."

कुमुदताई पडद्यावर आल्या. केस पूर्ण पांढरे, मागे लालभडक जास्वंद. इतकं स्पष्ट की पाकळ्या मोजाव्यात. "पेडणेकर! अहो किती दिवसांनी!"

मी डोळे मिटले आणि सुरू केलं. थांबलोच नाही. चतुर्थीची दुपार, डबी, चांगलं तोंड बाप्पाला, पूर्वेची थाप, चिकटपट्टीचं शेपूट, एकोणीस दिवस. "तुमचा मोडेम चांगला होता, ताई. तुमची शिकवणी मी बंद पाडली. मला माफ करा." मग डोळे उघडले.

कुमुदताई पडद्याच्या अगदी जवळ येऊन डोळे बारीक करून बघत होत्या. "पेडणेकर? तुम्ही अडकलात. 'ताई, त्या' एवढं आलं आणि मग काही नाही. तोंड उघडं आहे तुमचं, पण आवाज नाही. मला ऐकू येतंय का ते विचारू नका, येत नाहीये."

मी हातवारे केले. ते पोचले नसावेत.

"मिक्सर चालू आहे का जवळपास? मोडेम उभा असेल तर आडवा करा." त्या अगदी मनापासून सांगत होत्या. "तोंड पूर्वेला करून बघा. आणि मोडेम कंपनीचा आहे की स्वतःचा? स्वतःचा असेल तर तोच गेला असणार."

मी टीव्हीच्या मागे वाकलो. आदल्याच आठवड्यात बायकोला स्वयंपाकघरात टीव्ही हवा म्हणून मी लाइन फोडली होती. मी घरात काही टाकून देत नाही. तीन तोंडांची जुनी डबी हाताशी होती, तीच घातली होती. एक तोंड उघडं. टोपी खिशात नव्हती.

कॉल बंद केला, डबी काढली, वायर थेट जोडली. घड्याळ समोर होतं म्हणून दिसलं. अर्धं मिनिट लागलं.

पुन्हा फोन लावला.

"हां, आता आलात! अगदी स्वच्छ," कुमुदताई म्हणाल्या. "पूर्वेला केलंत ना?"

"केलं," मी म्हणालो.

"बघा! तुम्हीच शिकवलेलं. बरं, काय सांगत होतात मघाशी?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. बायको कान देऊन उभी असणार. वाट मोकळी होती, आकडा चाळीसवर होता, आणि माझा घसा बसला.

"काही नाही, ताई," म्हटलं. "तब्येत कशी आहे, विचारत होतो."

"एवढंच?" कुमुदताई हसल्या. "मग तोंड एवढं मोठं कशाला उघडलं होतं?"